गार पाण्यात धुवायची चादर

३ मार्च
बांबूच्या धाग्याची चादर आली. दादानं बाबांसाठी पाठवली — सतत पडून राहिल्यानं पाठ सोलवटते म्हणून. फोनवर तीनदा बजावलं, "गार पाणी, साबण कमी, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. ऐकतेस ना?" ऐकते रे! लाँड्रीवाल्याची मुलगी मी, मला चादर धुवायला शिकवतोय!

अंथरली. इतकी मऊ की बाबा तिच्यावर तरंगताहेत असं वाटलं. "सिस्टर, खिडकी उघडा," मला म्हणाले. पाच महिने झाले, त्यांच्या लेखी मी दवाखान्यातली सिस्टर आहे. एकदा तरी जुनी हाक मारतील का? एकदाच.

६ मार्च
पहिली धुलाई. टबात ती एकटीच, सोबत दुसरा कपडा नाही. पाण्यात गेली आणि ढगासारखी फुगली. मी हात बुडवून बसून राहिले... दुकानातली वाफ आठवली. धुवायच्या गठ्ठ्यावर मी झोपून जायचे. "चिमणे, ऊठ, नाहीतर तुलाही इस्त्री करीन!" बाबा कपड्याचा काठ चिमटीत धरून चोळायचे आणि सांगायचे — कोणी धुतलाय, कुठे घाई केलीय. कधी चुकले नाहीत.

गॅलरीत सावलीत वाळत घातली. वाऱ्यानं ती भरते, रिकामी होते. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

९ मार्च
आज काही नाही. चादर, ऊन, बाबांची झोप.

११ मार्च
घोळ करून ठेवला. चादर ओली झालेली, मला ऑफिसला उशीर. मशीनमध्ये कोंबली — कडकडीत गरम पाणी, मूठभर पावडर, वर तो वासाचा सॉफ्टनर! भर उन्हात टाकली आणि पळाले. संध्याकाळी हात लावला तर खरखरीत, अंगभर बारीक गोळे.

तरी तीच अंथरली. दादा व्हिडिओवर बघेल म्हणून. त्याला म्हटलं, "छान टिकलीय." सेहेचाळीस वर्षांची बाई भावाच्या बोलण्याला भिते आणि बापाची पाठ पणाला लावते! लिहितानाही लाज वाटतेय.

१२ मार्च
पाठ लाल. चादरीमुळे? की काल कूस बदलून द्यायला मी दोनदा विसरले, त्यामुळे? की दोन्ही? काही असो, माझंच. जुनी सुती चादर घातली. दादाला सांगितलं नाही अजून.

१३ मार्च
गार पाण्यातून तीनदा काढली. गेलेला मऊपणा परत येत नाही.

१४ मार्च
दुपारी बाबांच्या खाटेशी बसून तिची घडी घालत होते. त्यांचा हात आला. काठ चिमटीत धरला, चोळला. भुवया चढल्या.

"चिमणे! गरम पाण्यात घातलीस?"

घातली, बाबा. घातली!