वयाचा कॉलम

११ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो. बाबांनी बाल्कनीतल्या कुंड्या तिसऱ्यांदा हलवल्या आणि तिसऱ्यांदा आईची बोलणी खाल्ली. ऑफिसात तुझ्या जागेवर कोणी बसत नाही, तिथे प्रिंटर ठेवलाय.

फोन केला असता तर 'जाऊ दे गं' म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या प्रोग्रॅममधला तू लिहिलेला 'रुग्ण' हा क्लास, तुझ्या शब्दांत रुग्णाचा साचा, पुन्हा वाचला. आपलं ते साधन क्लासमधल्या प्रत्येक प्रॉपर्टीसाठी, नाव असो की जन्मतारीख, डेटाबेसात आपोआप कॉलम करतं. जे साठवायचं नाही, त्याच्या वर तशी एक ओळ लिहावी लागते. तू ती नेमक्या तीन ठिकाणी लिहिली होतीस. पूर्ण नाव, कारण ते नाव-आडनाव जोडून होतंच. पडद्यावर रुग्ण निवडलाय की नाही, कारण डेटाबेसाला त्याचं काय देणंघेणं! आणि वय. किती नीटस काम गं! एक ओळ जास्त नाही, एक कमी नाही.

मी रुजू झाले त्या आठवड्यात तू विचारलं होतंस, "वय साठवशील?"

"हो."

"आणि उद्या?" एवढंच म्हणून तू चहा आणायला गेलीस. मी दहा मिनिटं डोकं खाजवत बसले. मग पेटला दिवा: जन्मतारीख ठेवायची, वय दर वेळी मोजायचं.

इतकं शिकवलं होतंस, तरी वयावरची ती ओळ मी काढली.

साहेबांना रुग्णांची वयानुसार यादी संध्याकाळपर्यंत हवी होती. कॉलम असला की यादी झटक्यात निघते. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला एकदा तरी तुला न विचारता काहीतरी करून दाखवायचं होतं. माझ्या बदलाला मंजुरी देताना तू विचारलंस, "काय बदललंयस?"

"रिपोर्टचे मथळे फक्त," मी म्हटलं.

मी धडधडीत खोटं बोलले, मावशी. तू विश्वास ठेवलास.

नोंद केली त्या दिवशीचं वय तिथेच गोठून बसलं. सात महिन्यांनी मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला, तो मीच घेतला होता. "अहो, तुमच्या पडद्यावर हे बाळ दोन दिवसांचं आहे. दोन दिवसांचं बाळ माझा चष्मा ओढतंय?" मी हसले. मग त्या म्हणाल्या, "सकाळचा डोस याच वयावरून, अगदी थेंबभर गेलाय. तापाने फणफणलंय पोर."

बाळ बरं झालं. पण मीटिंगमध्ये साहेबांनी "हे कोणाचं काम?" विचारलं, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप. आणि तू शांतपणे म्हणालीस, "मंजुरी मी दिली, न वाचता. जबाबदारी माझी." बदलांच्या इतिहासात माझं नाव तू सकाळीच पाहिलं असणार. तीन दिवस बसून एकेक नोंद दुरुस्त केलीस, कॉलम काढलास आणि राजीनामा दिलास. मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

सोमवारी मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. साहेबांनी शिक्षा ठरवली: वर्षभर माझा कोणताही बदल दोघांनी वाचल्याशिवाय पुढे जाणार नाही. तिथून वॉर्डात गेले. सिस्टर म्हणाल्या, "मला काय सांगतेस? त्याच्या आईला सांग."

काल तिच्या घरी गेले. तिने दारातच सगळं ऐकलं. मागून मुलगा तिचा पदर धरून उभा राहायला बघत होता. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी जिन्यात बसून रडले, पण पाय हलके झाले होते.

साहेब तुला परत बोलावणार आहेत. माझ्याकडे बघून हो किंवा नाही म्हणू नकोस. आजवर माझ्यासाठी पुष्कळ केलंस. माफी कागदावर मागून भागणार नाही, म्हणून रविवारी येतेय. दार उघडलं नाहीस तरी चालेल, मी बाहेर थांबेन.

तुझ्यासारखी व्हायला निघालेली आणि तुलाच फसवलेली,
तुझी भाची