सकीना जायच्या आधी दोघींचं टेबल

३ नोव्हेंबर, सोमवार
शाळेच्या मागच्या नळावर सकीना दोघींचे डबे धुवायची आणि मी दोघींची दप्तरं धरून उभी राहायची. सिस्टर विचारायच्या, तू काय करतेस? मी म्हणायची, हेल्पिंग, सिस्टर. आज भांडी लावताना उगाच आठवलं.

सकीना शनिवारी जाते आहे. मुलाकडे, काशिफकडे, कॅनडाला. कायमची. घरसुद्धा विकलं. मला वाईट वगैरे वाटत नाही, हल्ली फोन असतात. रात्री नऊच्या सुमाराला तिला मुंबईला न्यायला गाडी येणार. त्याआधी तिला आमच्या कोपऱ्यावरच्या थाई हॉटेलात जेवायला नेणार. टेबल म्हणजे एका फोनचं काम.

ती म्हणाली, मनू, त्यापेक्षा घरी ये ना गं, डाळचा टाकते. मी म्हटलं, निरोपाचं जेवण असं कुकरात उरकायचं नसतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
फोन उचलत नाहीत. चांगलं लक्षण. मोठ्या ठिकाणी उचलतच नाहीत.

संध्याकाळी उचलला. निकिता नावाची मुलगी दारावर नावं लिहून घेते. म्हणाली, मावशी, शनिवारी रिझर्वेशन नसतं. यायचं, नाव द्यायचं, थांबायचं. मी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत समजावलं. तिने तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं. फार भरभर बोलते.

५ नोव्हेंबर, बुधवार
प्रत्यक्ष जाऊन आले. सांगितलं, आमचे हे राहुरीच्या विद्यापीठात होते. निकिता म्हणाली, अय्या, माझे मामा राहुरीलाच! टेबल मिळालं नाही, पण ओळख झाली. नगरमध्ये ओळखीवरच सगळं चालतं.

सकीनाचा फोन. बॅगा भरायला ये, गप्पा होतील. नाही गेले. मोबाईलवर मेन्यू वाचत होते. निम्मे पदार्थ उच्चारता येत नाहीत, तिच्यासमोर अडखळायला नको.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सकीनाने पुन्हा बोलावलं. म्हटलं, शनिवारी निवांत बोलू.

भागूबाई फरशी पुसताना म्हणाली, बाई, त्या हाटेलाम्होरं लई गर्दी हाय. लग्नाच्या पंगतीला बी कुनी येवढं थांबत न्हाई. तिला काय सांगायचं! ओळख असली की थांबावं लागत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
उपाय सापडला! आयुष्यभर नेवाशाला, पाथर्डीला एस.टी.ने गेले. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. माझा रुमाल कधी कुणी उचललेला नाही. हॉटेल साडेसहाला उघडतं. रुमाल टाकायचा, सकीनाला घेऊन यायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी
पांढऱ्या रुमालाला इस्त्री केली. सगळं हातात आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
दार उघडताच खिडकीजवळच्या टेबलावर रुमाल टाकला आणि रिक्षाने सकीनाला आणायला गेले. परतले तर टेबलावर वाढदिवस चाललेला. एका बाळाच्या गळ्यात, लाळ कपड्यांवर गळू नये म्हणून, माझा रुमाल. निकिता म्हणाली, मावशी, आम्हाला वाटलं कुणीतरी विसरलं.

मग नाव दिलं. तासभर तरी लागेल म्हणाली. ओळखीचा उल्लेख केला. ती म्हणाली, मामांना पण थांबवते मावशी.

सकीना बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, बस ना माझ्याजवळ. मी म्हटलं, समोर दिसत राहिलं पाहिजे, नाहीतर विसरतात. दारातच उभी राहिले. मधूनमधून तिला खुणेने सांगत होते, झालंच. शेजारच्या खुर्चीवर तिने स्वतःची पर्स ठेवली होती. कुणी विचारलं की म्हणायची, इथे बसणार आहेत. पूर्ण वेळ तिने ती जागा धरली.

पावणेनऊला तिची गाडी बॅगा घेऊन तिथेच आली. सकीनाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, नंबर लागला की जेवून घे हं मनू, उपाशी झोपू नकोस. मी म्हटलं, दोनच मिनिटं, आता लागतोच. ती गाडीत बसली आणि हॉटेलातून आवाज आला, मनकर्णा, दोघींसाठी! मी हात वर केला. सकीनाने काचेतून हात हलवला. निरोप तसा व्यवस्थित झाला.

निकिताने विचारलं, दुसऱ्या मावशी कुठायत? म्हटलं, पार्सल दे. जे ठरवलं होतं ते सगळं घेतलं. डबे अजून उघडलेले नाहीत. वाटप असं करायचं:

हिरवी करी भागूबाईला. भाकरीबरोबर चालेल. नूडल्स वरच्या मोनिकाच्या मुलांना. सूप कुणीच नेणार नाही, ते मी संपवीन. नारळाच्या दुधातला गोड भात सकीनाच्या घरात आज राहायला येणाऱ्या रंगनाथरावांकडे, त्यांचा गॅस अजून जोडला नसेल. भात देताना त्यांना नीट सांगायचं, सकीनाबाईंच्या नावाने काही आलं, पत्र असो, लग्नाची पत्रिका असो, तर परत पाठवायचं नाही. ते मला द्यायचं.