हरलेल्याचे नाव आधी

मी, अक्षता बद्रीनाथ सोनुने, वय २६, धंदा शिवणकाम, राहणार राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, प्रथम एक दुरुस्ती करते. दिनांक १० नोव्हेंबरच्या माझ्या मृत्युपत्रात, कलम चारमध्ये, "दृष्टी गेलेल्या वडिलांना मी दोन वर्षे रोज पेपर वाचून दाखवला, एकही निकाल चुकीचा वाचला नाही," असे लिहिले आहे. ते खोटे आहे. एक निकाल मी चुकीचा वाचला. म्हणून ते मृत्युपत्र रद्द समजावे आणि हेच खरे धरावे. माझ्या हृदयाची झडप खराब आहे, डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ऑपरेशन १ डिसेंबरला आहे.

१. शिलाई मशीन आणि मोठी कात्री मैत्रीण प्रियदर्शनी हिला द्यावी. तिने रोज सकाळी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पेपर वाचून दाखवावा. आधी देशाच्या बातम्यांचे मथळे, मग खेळाचे पान. आमच्या घरचा एक नियम आहे, तो मोडू नये: हरलेल्या संघाचे नाव आधी वाचायचे. दादा स्वतः कबड्डी खेळायचे. शाळेत जाण्याआधी मला अक्षरे त्यांनीच खेळाच्या पानावर बोट ठेवून शिकवली. तेव्हाच म्हणाले होते, "जिंकलेल्याला काय, सगळेच इचारतेत. हरलेल्याचं नाव आपण आधी घ्यावं."

२. मोबाईल भाऊ अंगद याला. तो पुण्यात असतो. "कामात हाय, मंग बोलतो," हे वाक्य मी त्याच्याकडून फार वेळा ऐकले. तो राग मी सोडलेला नाही, पण मोबाईल त्याचाच. त्यावरून त्याने दादांना फोन करावा.

३. चूक अशी झाली. ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या कबड्डी संघाचा दिल्लीशी अंतिम सामना होता. त्याच दिवशी माझा रिपोर्ट आला. दवाखान्यातून बसने परतताना दादांनी रिपोर्टाची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला तर पुणे हरले होते. मी "दिल्ली" आधी वाचले आणि थांबले. दादांनी माझा हात धरला. "जिंकले व्हय गं आपले?" मी हो म्हणाले. फक्त क्रम बदलला, अशी मी पुष्कळ दिवस मनाची समजूत घातली. पण मी हो म्हणाले होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मी दक्षिण आफ्रिकेचे नाव आधी वाचले. दादा म्हणाले, "बघ, एका आठवड्यात दोन कप. तुझं आपरेशन बी बराबर व्हतंय."

संकष्टीला त्यांनी दोन्ही कपांचे पेढे गणपतीला नेले आणि चहाच्या हॉटेलात वाटले. खरे सगळ्यांना ठाऊक होते. सगळ्यांनी खाल्ले. तेव्हापासून दादा आले की हॉटेलवाला टीव्ही बंद करतो. त्यांचे मित्र साहेबराव काका मला म्हणाले, "पेढा गोड व्हता, अक्षू, पर खाली उतरंना. आमी किती दिवस टीव्ही बंद करून बसायचं?"

४. मी परत न आल्यास कधीतरी, कुणाच्या तरी तोंडून ते निघेलच. मग दोन वर्षांत मी वाचलेले सगळेच दादांना खोटे वाटेल, आणि विचारायला मी नसेन. १ नोव्हेंबरचा पेपर कपाटात घडी घालून ठेवला आहे. तो रद्दीत घालू नये.

ठिकाण: राजूर. दिनांक: २० नोव्हेंबर २०२५.
लिहून देणार: अक्षता बद्रीनाथ सोनुने (सही)
साक्षीदार: १. झुंबरबाई रामप्रसाद गाढे (सही)
२. साहेबराव तुकाराम पुंगळे (सही खालील मजकुरानंतर)

साहेबराव काका पेन हातात धरून बसले आहेत. म्हणतात, "कव्हा सांगणार, ते बी लिव्ह. त्याबिगर मी सही करत न्हाई." म्हणून लिहिते. दवाखान्यात निघण्याआधी तो जुना पेपर मीच दादांना वाचून दाखवणार, पुण्याचे नाव आधी: रविवार, दिनांक ३० नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजता.