ओल्या हातांनी उघडणारा चाकू

प्रिय ताईस, धाकटीचा नमस्कार.

मी खुशाल आहे. परवा न्हाणीघराची कडी अडकली आणि दिवाही गेला, एवढंच. गाऊनच्या खिशातला चाकू इथल्या खाऱ्या हवेने गंजलेला, उघडेचना. तासभर ओरडले, तेव्हा शेजारीण आली.

आज पक्कड, पेचकस असलेला नवा चाकू घेतला. दुकानदार म्हणाला, "स्टेनलेस आहे, आजी." म्हटलं, "मेला आधीचाही स्टेनलेसच होता!" मग हात ओले करून, डोळे मिटून दुकानातला एकेक चाकू उघडून पाहिला. सहा हटून बसले, सातवा उघडला.

तूही एकटीच असतेस. तुझ्या कडीला तेल घातलंस का?

माझ्या मुलाला कळवू नकोस, मला इथून उचलून नेईल. चाकू सतत खिशात असतो. तरीही अंघोळीला कडी लावायची हिंमत होत नाही.

तुझी,
चिमी