गांजाची दोन झाडं आन् आमची सून

चारठाणा, सोमवार, माघ १९८८

बैलाच्या औषधाला गोठ्यामागं गांजाची दोन झाडं लावली, त्यापायी माझा लेक जेलात. आज हा कायदा बदला म्हननारी मंडळी परभणीहून आली, चावडीवर सभा घेतली. त्यातली वकीलबाई म्हनली, "कायदा मानसांनीच केलाय, मानसंच बदलतील. कोन बोलतंय?" मी तर कायदा आभाळातून पडतो समजत हुते!

गडी माना खाली घालून. आन् उठली कोन, तर आमची सून. मुकी म्हनते मी तिला. सभेवर नजर ठेवाया आलेल्या फौजदारापुढं म्हनली, "दोन झाडांपायी मानूस डांबता, मंग दारूच्या दुकानाला कुलूप का न्हाई?" फौजदार बिडी ओढायचं इसरला.

घरी इचारलं, "येवढं पोटात हुतं व्हय गं?"

"आत्याबाई, तुमी कवा बोलू दिलं?"

म्या चुलीम्होरला पाट तिच्याकडं सरकवला, "बस. आता बोल."