देवमाशाच्या पोटातली पिशवी

सोम. २० जाने.
सकाळी अनोळखी नंबर, आंध्रातला. बाईमाणूस, तेलुगूत. "राजव्वा टॉवेलवालेच ना?" म्हटलं, हो हो, बोला. आपल्या भाषेतलं गिऱ्हाईक म्हणून मीही सुटलो. टर्किश घ्या, चादर घ्या, डझनाचा भाव वेगळा, गाठीचा वेगळा, ट्रान्सपोर्ट आमच्याकडं. बाई मधे मधे "ऐका तरी" म्हणत होत्या. मला वाटलं भाव पाडतायत. मी अजून उतरलो.
दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाल्या, मला टॉवेल नकोत. आमच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागलाय. पोटात प्लॅस्टिक निघालं. त्यातल्या एका पिशवीवर तुमचा नंबर आहे.
मी म्हणालो, "बरं, मग किती डझन पाठवू?"
शप्पथ, हेच म्हणालो. पंचवीस वर्षं धंदा केल्यावर तोंड असंच चालतं.

मंगळ. २१
फोटो आला व्हॉट्सॲपवर. पांढरा ट्रे, त्यात जाळ्याचा गुंता, गुटख्याच्या पुड्या, रबरी चपलेचा तुकडा आणि आमची पिशवी. टॉवेल घालून देतो ती. लाल काठ. मधल्या गोलात अव्वा.
आईचा फोटो दिसला की माझा हात आपोआप छातीशी जातो. आजही गेला, आणि तिथंच थांबला. त्या घाणीला नमस्कार कसा करू?
अव्वा गेली त्या वर्षी नायनांनी, म्हणजे वडिलांनी, मालाला तिचं नाव दिलं, पिशवीवर फोटो टाकला. तेव्हा लोक हसले होते, पिशवीवर बायको कोण छापतं म्हणून. मग तोच फोटो बघून गिऱ्हाईक यायला लागलं.
नायना गल्ल्यावर पेपर वाचत होते. मी फोन पालथा ठेवला. वय झालंय, उगाच कशाला. (खरं कारण ते नाही.)

गुरु. २३
मॅडमचा परत फोन. शांत बाई. या देवमाशांवरून समुद्राची तपासणी करतात. म्हणाल्या, पाणी रोज वेगळं, बाटलीभर पाण्यानं किती कळणार? देवमासा वर्षानुवर्षं समुद्रातलंच खातो, विष त्याच्या चरबीत साठत जातं. म्हणून एक मेला की त्याची चरबी, यकृत, पोट सगळं बघायचं. पिशव्यांवर साल क्वचितच असतं. तुमची कधी छापली एवढं सांगितलंत तर प्लॅस्टिक किती वर्षं फिरलं ते कळेल.
सोपा प्रश्न होता. उत्तर तोंडपाठ. लाल काठ म्हणजे पहिली छपाई, अव्वा गेली ते वर्ष. दुसऱ्या वर्षापासून निळा.
मी म्हणालो, ती पिशवी आमची नाही. डुप्लिकेट आहे.
"कोण करतं डुप्लिकेट?" त्यांनी सहज विचारलं. मी सहज सांगितलं. कुंभारीचा सिद्धाराम.
वर नंबरही दिला.

शुक्र. २४
सिद्धू आमच्याकडं जॉबर होता, माग दुरुस्त करायचा. पुढं त्यानं कुंभारीत स्वतःचे दोन माग टाकले. एकदा आमच्या उरलेल्या पिशव्यांत स्वतःचे टॉवेल घालून आठवडी बाजारात विकले. कळल्यावर मी चारचौघांत लई बोललो, तो नायनांच्या पाया पडला, नायना म्हणाले झालं गेलं. मिटलं. त्या पिशव्या निळ्या काठाच्या होत्या. लाल काठाशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला काल फोनवर माहीत होतं.
साप म्हणून भुई धोपटतात तसं नाही हे. भुई आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

शनि. २५
मॅडमना मीच फोन केला. सिद्धूचं नाव मागं घ्यायला केला होता. विचारलं भलतंच: देवमासा आमच्या, म्हणजे त्या पिशवीनं मेला का? म्हणाल्या, तसं म्हणता येत नाही. जहाजाची धडक असेल, आजार असेल. पोटात काय होतं एवढंच आम्ही नोंदवतो.
हायसं वाटलं. खोटं का लिहू? मोठं जनावर मेलंय आणि मला हायसं वाटलं.
मग विचारलं, सोलापूर कुठं, समुद्र कुठं. पिशवी गेलीच कशी? त्या म्हणाल्या, दोन वाटा. कुणी टॉवेल विकत घेऊन किनाऱ्यावरच पिशवी फेकली असेल. नाहीतर नाला, सीना, भीमा, कृष्णा, आणि पुढं आमच्याकडं.
आमच्याकडं! समुद्र म्हटलं की माझं तोंड आजवर मुंबई-कोकणाकडं. आपलं पाणी उलट्या दिशेला जातं, आजोबा ज्या मुलखातून माग घेऊन आले तिकडंच, हे पन्नाशीत कळलं. गोडाऊनच्या मागं नाला आहे. फाटक्या पिशव्या कुठं जातात हे मी कधी विचारलेलं नाही. विचारायची गरज नव्हती, दिसतं.
सिद्धूचं राहिलंच.

मंगळ. २८
सिद्धू दुकानात. मला वाटलं आता कॉलर धरतो. धरली असती तर बरं झालं असतं.
चप्पल बाहेर काढून आला, नेहमीसारखा. म्हणाला, "मालक, घोळ झालाय की. आंध्रातनं एका बाईचा फोन आलता. माशाच्या पोटात पिशवी सापडली म्हनं. तुमी छापली का इचारत होती."
"मग?"
"मी म्हनलं, न्हाय ओ बाई. तर म्हनती, तुमचं नाव कुणीतरी सांगितलंय. मालक, ह्यात पोलीस येत्यात का? पोरीची सोयरीक चाललीय. बसवण्णाची शप्पथ, त्या येळंनंतर तुमच्या पिशवीला हात लावला न्हाय. तुमी तेवडं सांगा की तिला. तुमचं ऐकंल ती."
मी म्हणालो, बघतो.
जाताना जुन्या गोष्टीची परत माफी मागून गेला. माझ्याकडं. नायनांनी आतून विचारलं, कोण होतं? म्हटलं, सिद्धू, सहज आला होता.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुध. २९
मॅडमना मेसेज टाकला. चार वेळा लिहून पुसला, मग टाकला. "पिशवी परत नीट पाहिली. आमचीच आहे, फोटो माझ्या आईचा. लाल काठ, पहिल्या वर्षीची छपाई, साल खाली दिलंय. सिद्धाराम यांचा संबंध नाही. गैरसमज झाला, क्षमस्व."
गैरसमज कुणाचा झाला? समज चांगलाच होता. तरी शब्द तोच लिहिला, कारण तो सगळ्यांना परवडतो.
उत्तर: खूप आभार, तुमच्यासारखे लोक कमी. आम्ही फोन केला की बहुतेक जण नंबर ब्लॉक करतात.
अशी शाबासकी मिळण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या.

शनि. १ फेब्रु.
सिद्धू हुरडा घेऊन आला. भाजलेला, गरम, फडक्यात बांधून, सोबत शेंगाची चटणी. बाईनं त्याला परत फोन करून माफी मागितली म्हणे. "मालक, तुमी शब्द टाकला म्हनून सुटलो."
त्याच्यासमोर बसून खाल्ला. दूधमोगरा जातीचा होता, कोवळा, गोड. दोन मुठी खाल्ल्यावर सांगूया असं ठरवलं. मग अजून दोन. मग हुरडा संपला. तो फडकं झटकून गेला.
बायकोला रात्री जेवताना सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाईला खरं सांगितलंत ते सोपं होतं. ती लांब राहते." भाकरी वाढली आणि उठून गेली. एवढंच बोलली, पण पुरलं.

मंगळ. ४
मॅडमचा मेसेज. किनाऱ्यावरच्या शाळांमधून ही छायाचित्रं दाखवणार आहेत, कुठल्या गावची पिशवी कुठं पोचते ते मुलांना कळावं म्हणून. आईंचा चेहरा ठेवला तर चालेल का? की धूसर करू? घरच्यांना विचारून कळवा. नंबर आम्ही झाकतोच.
'धूसर करा' असं लिहून बोट तयार होतं. पण घरचे म्हणजे मी एकटा नाही. नवरा अजून जिवंत आहे तिचा.

गुरु. ६
नायनांना दाखवलं. आधी सगळं सांगितलं: देवमासा, किनारा, मॅडम. (सिद्धूचं सोडून.) त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं रडतील. मी पाणी आणून ठेवलं.
म्हणाले, "छपाई बघ. एक अक्षर उडालं नाही."
"नायना!"
"मी म्हटलं होतं, पक्का रंग घे. तू स्वस्तातला बघत होतास."
खरंच आनंद झाला होता त्यांना. बोटानं फोटो मोठा करून काठ बघितला, अक्षरं बघितली, अव्वाचं कुंकू बघितलं. मग तसंच बोट सरकवता सरकवता बाजूची चप्पल दिसली, जाळं दिसलं. तिथं बोट थांबलं. फोन माझ्याकडं दिला आणि पेपर उघडला. पान उलटलं नाही.
मला त्यांची लाज वाटली. मग वाटलं, यांना एका क्षणापुरता आनंद तरी झाला. मला या फोटोत पहिल्या दिवसापासून फक्त आमचा नंबर दिसलाय, गिऱ्हाईक काय म्हणेल एवढंच.

शुक्र. ७
नायना जेवले नाहीत नीट. चेहऱ्याचं काय करायचं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दुपारी अक्कलकोटची पार्टी, लग्नाच्या आहेराचे टॉवेल. प्रत्येक टॉवेल वेगळ्या पिशवीत घालून पाहिजे म्हणाले. घालून दिले. नायना बघत होते.

रवि. ९
आज दुकान अर्धा दिवस. सिद्धू सोयरीक जमली म्हणून पेढे घेऊन आला. नायनांनी त्याला शेजारी बसवलं, पाठीवर हात फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, त्या बाईला कळव, चेहरा पुसायचा नाही.
म्हटलं, नायना, शाळेशाळेतनं लावणार आहेत. लोक बघतील.
"बघू देत. तिनं काय केलंय? आयुष्यभर मागाच्या कांड्या भरल्या तिनं. पुसायचं तर तुझं-माझं तोंड पुसा."
सिद्धूला काही कळेना, म्हणून नायनांनी त्याला फोटो दाखवला. त्यानं बघितला, कानाला हात लावला. "आगं आई गं. अव्वा हायत की ह्या." मग हळूच म्हणाला, "मालक, हीच व्हय ती पिशवी? ह्याच्यासाटीच मला फोन आलता."
नायनांनी विचारलं, "तुला? तुला कशाला?"
"कुणीतरी माझं नाव दिलतं. धाकट्या मालकांनी निस्तरलं."
नायना काठाकडं बघत होते. लाल कधी, निळा कधी, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? मग मान वर करून मला म्हणाले, "ह्याचं नाव कुणी दिलं रे?"
रागानं नाही. साधंच विचारलं. सिद्धूही माझ्याकडं बघायला लागला, मालकांना माहीत असणार अशा विश्वासानं.
मी म्हणालो, चहा सांगतो. आणि उठून माडीवर आलो. चहाची टपरी खाली आहे.
मॅडमना कळवलं: चेहरा ठेवा. ते लगेच जमलं.
आता हे लिहितोय. खाली दोघं बोलतायत. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. मधेच थांबले.
सिद्धू जिन्याखालून हाक मारतोय. "मालक, ऱ्हाऊ द्या चहा. खाली या की."