नवा नंबर, जुनी गळती

मंगळवार, संध्याकाळ. औरंगाबाद.

वर्कशॉपातून आलेलं इंजिन दुसरंच आहे, असं फोरमनसाहेब म्हणतात. नंबर नवा, चिमणी बदललेली, रंगही ताजा. मग माझं मन का मानत नाही? जुन्या इंजिनाची वाफेची नळी फुटून भट्टीत कोळसा टाकणारा माझा फायरमन किसन भाजला. अजून त्याची बोटं मिटत नाहीत. ते इंजिन मोडीत काढलं म्हणे. खरंच काढलं?

या दुष्काळात त्या जुन्या इंजिनाचं गळणारं पाणी वस्तीतली शेवंताबाई धरायची. आज ती आली, नंबराकडं न बघता सरळ डाव्या चाकामागं गेली आणि घागर ठेवली. टप, टप.

मी म्हटलं, "बाई, हे नवं इंजिन हाय."

"व्हय? मग गळायलंय तिथंच कसं?"

उद्या हेच इंजिन मला न्यायचंय. इंजिन ताब्यात घेतल्याची सही करताना वहीत जुनाच नंबर लिहीन. खोडायचा तर साहेबांनी किसनसमोर खोडावा.